अकरा ब्लाउज आणि काळे ठिपके

१

शनिवारी सकाळी डिंपलनं दुकानातलं कपाट उघडलं आणि अशी किंकाळी फोडली का समोरच्या हॉटेलात माझ्या हातातले पोहे अर्धे शर्टावर आले.

पळत गेलो. कपाटात अकरा ब्लाउज लटकत होते, मेहकरच्या एका नवरीचे. बुधवारी शिवून, इस्त्री करून ठेवलेले. मोरपंखी, राणी, आंब्याच्या रंगाचा एक. अकराच्या अकरावर बारीक काळे ठिपके, कोणी शाईचा पेन झटकावा तसे.

"प्रसेनदादा, खरं सांग. हे तुह्यं काम तं नाई ना?"

असं तिनं विचारलं, आणि मले रागही आला नाही. मी प्रसेनजित, डोणगावचा पेंटर. दोन उन्हाळ्यांआधी बसस्टँडामागच्या भिंतीवर म्या असा हुबेहूब नळ रंगवला होता, तोंडाशी थेंब लटकलेला, का सहा बाया पाण्याचे गुंड घेऊन रांगेत लागल्या. सातवीनं गुंड माझ्या पाठीत घातला. तेव्हापासून गावात काही इचित्र झालं का पहिले मलेच विचारतात.

"माह्यं नाई," म्या म्हणलं. एक ब्लाउज नाकाशी नेला. ओल्या पोत्याचा वास. "ही बुरशी हाये, डिंपल."

ती बोलाले गेली आणि खोकला लागला. मशीनीले धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकली. सासर सोडून आली तेव्हा डिंपलनं सोबत एकच वस्तू आणली होती, ही मशीन. पाच वर्सांत तिनं माहेरच्या या समोरच्या खोलीत आपलं दुकान उभं केलं.

"डॉक्टरनं आठ दिवस देल्ले," ती दम खात म्हणाली. "बुरशीत बसनं बंद, नाई तं दम्याचा पंप जलमभर तोंडाले. आठ दिवसांत ही खोली साफ नाई झाली तं बाबा मशीन उचलून ठेवनार. मंग मी काय करू, दादा? आईसंगं पोया लाटू?"

म्या भिंती पाहिल्या. डावी भिंत शेजारी संघपालच्या न्हाणीघराले लागून. उजवीकडं बोळ, मागं सैपाकघरात जाणारी. आणि मागच्या भिंतीत एक बंद दार, वर जाळीचा झरोका. दारापल्याड कुलदीपची खोली. कुलदीप डिंपलचा मोठा भाऊ. पुण्यात असते, चार वर्सांत घरी आला नाही. खोलीले कुलूप.

तेवढ्यात बोळीतून खळखळ आवाज आला. डोकावलो. डिंपलचे वडील तुळशीरामकाका बादलीवर वाकले होते. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवलेली. आणि हातात संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली, बूच काढलेली.

२

म्या बादलीले लात मारली. पांढरं पाणी बोळीभर झालं.

"हे काय बे प्रसेन! मस्करीले टाइम काळ असते का नाई?"

"काका, ब्लीचिंगमंधी अ‍ॅसिड पडलं तं जी वाफ उठते, तिच्यानं बुरशी मरो न मरो, आपुन मरतो. बंद खोलीत तं घरभर माणसं मरतीन."

"मस्करी करून राह्यला."

"आज पहिल्यांदाच मस्करी नाई करून राह्यलो."

काका ओट्यावर बसले. कृषी केंद्राच्या काउंटरवर बसणारा माणूस, लोकायले औषधावरची चिठ्ठी वाचून दाखवते आणि स्वतः वाचत नाही. म्या विचारलं, "या भिंतीले रंग किती डाव मारला?"

"तीन. दिवाळीपासून. महिना होत नाई का पुन्हा काळं."

"बुरशीवर रंग मारनं म्हंजे नागावर टोपली झाकून टोपलीवर बसनं. पानी कुठून येऊन राह्यलं ते पहिले पाहा लागते."

"त्यात पाहाचं काय? संघपालचं न्हाणीघर! त्याचंच पानी मुरते. सोमवारी मी पंचायतीत अर्ज देऊन राह्यलो. पाडून टाकतो ते न्हाणीघर."

"अर्ज आठ दिवस थांबवा. तेवढ्यात मी सांगतो पानी कोनाचं."

"तू? तू तं त्याचा दोस्त."

"म्हनूनच. त्याचं निघालं तं पहिली कुदळ मी मारतो."

काका कबूल झाले. सैपाकघराच्या दारात गीतामावशी, काकांची बायको, कवाच्या उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यायनं. कमरेच्या किल्ल्या आवाज होऊ नये म्हणून मुठीत धरल्या होत्या.

हे माझ्या ध्यानात तवाच याले पाहिजे होतं.

३

संघपाल एसटीत कंडक्टर. न्हाणीघर दाखव म्हणलं तं हसाले लागला.

"पाय ना. तिकीट नाई लागत."

पाहिलं. फरशी कोरडी ठक्क. कोपऱ्यात कोळ्यानं जाळं इणलेलं.

"भाऊ, आपल्या गल्लीत नळ दहा दिवसांनी येते," तो म्हणाला. "आम्ही दोघं नवरा-बायको अर्ध्या बादलीत आंघोळ करतो, त्यातलं उरलं तं फरशी पुसतो. गळाले पानी लागते ना बे! माह्या घरी पानी गळून राह्यलं असतं तं मी खाली भांडं नसतं लावलं?"

बोलण्यात दम होता. पण दोस्ताचं बोलणं म्हणजे पुरावा नाही. मी दुकानात आलो, प्लॅस्टिकचे तीन हातभर तुकडे कापले आणि चारी बाजूनं चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवले. एक संघपालच्या भिंतीवर, एक बोळीच्या भिंतीवर, एक मागच्या बंद दाराजवळ.

"हे काय, भिंतीले पट्टी बांधून राह्यला?" डिंपल.

"भिंत खरं बोलते का खोटं ते पाहून राह्यलो. पानी भिंतीतून येत असन तं थेंब प्लॅस्टिकच्या आत जमतीन. हवेतून येत असन तं बाहेरून."

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. जानेवारीची थंडी, भिंती बर्फावानी. संघपालच्या भिंतीवरचं प्लॅस्टिक आतून कोरडं, बाहेरून कोरडं. बोळीवालं तसंच. आणि दाराजवळच्या प्लॅस्टिकवर थेंबच थेंब. बाहेरून.

म्हणजे संघपाल सुटला. भिंत गळत नव्हती, हवा ओली होती.

आता हवा कोण ओली करून राह्यलं? म्या डिंपलकडं पाहिलं. तिच्या मशीनीवर दोरी बांधलेली, दोरीवर ओल्या अस्तराचे तुकडे. ब्लाउज धुतल्यावर आत आटू नये म्हणून अस्तर आधीच भिजवून वाळवतात, हे सगळ्या शिंपीकामवाल्यायले माहीत.

"हे रोज इथंच वाळवते?"

तिचा चेहरा उतरला. "मंग... मीच केलं का हे? माह्या हातानं?"

तिचा तो चेहरा पाहून माझ्यातला मस्करीखोर गप झाला. म्या दोरी सोडली, अंगणात बांधली. "तीन दिवस अस्तर बाहेर. मंग पाहू."

गुरुवारी सकाळी दाराजवळचं प्लॅस्टिक पहिल्यापेक्षा जास्त ओलं होतं. डिंपल रडता रडता हसली. तिचा गुन्हा नव्हता.

मी खाली बसलो. आत्ता दिसलं, काळे ठिपके दुकानात सगळीकडं सारखे नव्हतेच. झरोक्याखाली दाट, दाराच्या चौकटीले दाट, आणि तिथून दूर जाता जाता विरळ. ब्लाउजचं कपाटही झरोक्याच्या बरोबर खाली. म्या दाराखालच्या फटीपाशी हात धरला.

आतून गार, ओली हवा येऊन राह्यली होती. चार वर्सांपासून बंद असलेल्या खोलीतून.

४

"मावशी, कुलदीपची खोली उघडा लागते."

गीतामावशी गहू निवडत होत्या. मान वर केली नाही. "थो आल्यावर उघडीन."

"डिंपलचे दोनच दिवस राह्यले."

"खोली साफ हाये. मी सोता झाडतो." आणि सुपातले गहू असे पाखडले का बोलणं तिथंच संपलं.

कुलूप तोडणं काही अवघड नव्हतं. पण आईच्या कमरेची किल्ली आणि मी बाहेरचा माणूस. शिवाय आत काय हाये हे कळल्याबिगर दार तोडणारा पोलीस असते, शोधणारा नाही.

संघपालची बायको कोकिळा वहिनी धुणं वाळू घालत होती. तिले म्हणलं, "वहिनी, शेजारचा हिशेब शेजारनीलेच माहीत. या घरात पानी कसं चालते?"

"इचित्र चालते, भाऊ. नळाच्या दिवशी यायची मोटर तीन तास चालते. आमची एक तास, अन् आमाले दहा दिवस पुरते. माणसं हायेत तीन. अन् चौथ्या रोजी गीताबाई हंडा घेऊन माह्या दारात! 'कोकिळा, जरा देते का.' मी देतो, पन मनात म्हनतो, बाई पानी पिते का पेरते?"

"पेरते कशावरून?"

"त्यायच्या मागचं लिंबाचं झाड पाय ना."

पाहिलं. गल्लीतली सगळी झाडं धुळीत उभी आणि हे लिंबाचं झाड पावसाळ्यात असल्यावानी हिरवंगार. ते होतं बरोबर कुलदीपच्या खोलीच्या मागच्या दाराशी. बुंध्याशी जमीन भेगाळलेली नव्हती, शेवाळलेली होती.

"नळ आला का तिथं बादल्या ओतते," कोकिळा म्हणाली. "शिळं पानी."

आमच्याकडं ही रीत. नळ दहा दिवसांनी येते, पण ज्या दिवशी येते त्या दिवशी जुनं पाणी शिळं होते, फेकून द्या, ताजं भरा. पण शिळं उरलं पाहिजे ना! जी बाई चौथ्या दिवशी उसनं मागते, तिच्याजवळ दहाव्या दिवशी फेकाले पाणी कुठून?

संध्याकाळी तुळशीरामकाकाले विचारलं, "काका, घरात पानी कुठी कुठी भरून ठेवता?"

"मले काय माहीत? ते बायायचं काम."

डिंपलले विचारलं. "आई भरते. मले खोकल्यापायी गुंड उचलू देत नाई. नळ आला का मोटरचा पाइप घेऊन मागं जाते, दार लावून घेते. मी मशीनीवर असतो."

चार वर्सं. तीन तास मोटर. दोन माणसं त्याच घरात, आणि पाणी जाते कुठी हे एकानंही मान वळवून पाहिलं नाही. घरची बाई पाणी भरून राह्यली म्हणलं का ती अदृश्य होते.

आता मले कळलं होतं आत काय हाये. कशाले हाये, हे कळलं नव्हतं. आणि उघडणारा हात एकच होता.

म्हणून म्या माझं हत्यार काढलं. त्या हत्याराची मले अजून लाज वाटते.

५

शुक्रवारी दुपारी सगळे ओट्यावर होते. मी बोळीतून पळत आलो, मोबाइल हातात, दम लागल्याचं सोंग.

"मावशी! कुलदीपचा फोन आलता. तुमचा लागून नाई राह्यला म्हने. रविवारी येऊन राह्यला. बायको अन् पोरीले घेऊन."

तुळशीरामकाका उठून उभे राहिले. डिंपलनं तोंडावर हात ठेवला.

गीतामावशीनं माह्याकडं पाहिलं. मग त्यायच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, एखादी पोरगी लपून बसलेली असावी आणि तिले कोणी नावानं हाक मारावी तसं. कमरेची किल्ली काढली, दुकानात गेल्या, आणि मागचं दार उघडलं.

आतून वास आला तसं म्या डिंपलले धरून बाहेर नेलं. "तू नको. तू रस्त्यावरच थांब." रुमाल नाकाले बांधून मी आत गेलो.

खोलीभर पाणी होतं.

ड्रम, टिपं, पितळी गुंड, स्टीलचे हंडे, अगदी तेलाचे रिकामे डबेसुद्धा. काठोकाठ. त्यायच्यावर झाकण नाही, ओढणी बांधलेली, कारण झाकलं का पाण्याले वास येते. मधात पलंग, पलंगावर नवी गादी. खिडकीले धूळ येऊ नये म्हणून प्लॅस्टिक ठोकलेलं. आणि चारी भिंती छतापर्यंत काळ्या, हिरव्या, केसाळ. कोपऱ्यात एक इवलीशी गुलाबी बादली, तीही भरलेली, आणि तिच्यात तरंगणारा बदकाचा मग.

"हे काय, गीता?" काकांचा आवाज चिरकला.

मावशी त्या गुलाबी बादलीपाशी बसल्या.

"तुमाले आठोते? चार वर्सांआधी दिवाळीले आला होता थो. छकुली चार महिन्याची. नळ येऊन सात दिवस झाले होते, पानी सरलं. सुनेनं लेकराले अर्ध्या तांब्यात पुसलं. दोन दिवस आधीच गेले. जाता जाता थो म्हने, 'आई, इथं आंघोळीले पानी नाई, लेकराले घेऊन कसं याव?'" त्यायनं ओढणी सारखी केली. "तवापासून भरून ठेवतो. तिघायले पुरन इतकं. पहिले दोन टिपं होती. यंदा छकुलीची शाळा सुरू झाली, नाताळात सुट्टी असते म्हने, म्हनून वाढवलं. थो कवाही येईन. पानी नाई असं झालं नाई पाहिजे."

मग म्या सांगितलं, कारण सांगणं माझ्याच अंगावर होतं. खोली बंद, खिडकी प्लॅस्टिकनं बंद, उघडं पाणी रात्रंदिवस उडते. हिवाळ्यात भिंती थंड, त्या भिंतीवर ते दहिवरावानी जमते. तिथं बुरशी धरते. दाराच्या फटीतून आणि झरोक्यातून तिची बारीक धूळ दुकानात जाते. कपाटात जाते. डिंपलच्या छातीत जाते.

"माह्या पान्यानं?" मावशीनं विचारलं. "माह्या पोरीच्या छातीत?"

बाहेरून, रस्त्यावरून, खोकल्याचा आवाज आला.

मावशी उठल्या. पहिली गुलाबी बादली उचलली आणि मागच्या दारातून रिती केली.

६

शनिवारी आम्ही खोली साफ केली. डिंपलले कोकिळा वहिनीकडं बसवलं. दुकानाकडचं दार आणि झरोका प्लॅस्टिकनं बुजवला, खिडकी सताड उघडली. मी, संघपाल आणि काका, तिघांच्या तोंडाले चांगले मास्क, डोळ्याले चष्मे, हाताले रबरी मोजे. काका खराटा घेऊन भिंत खरडाले निघाले तं म्या हिसकला. कोरडं खरडलं का ती धूळ घरभर उडते. साबणाचं पाणी, ओला ब्रश, पुसलं का फडकं पिशवीत. मग दुकानाची भिंतही तशीच धुतली. रंग नाही. आधी पंधरा दिवस पंखा आणि ऊन, भिंत हाडापर्यंत वाळू दे, मग पाहू.

ब्लाउजचं कापड धुवून उन्हात टाकलं तं आठ वाचले. तीन डिंपल नव्यानं शिवणार होती.

"ए कंडक्टर," भिंत घासता घासता तुळशीरामकाका मास्कातून म्हणाले, "तो अर्ज म्या लिहून ठेवला होता."

"मंग?"

"चुलीत घातला."

"सुट्टे परत भेटले म्हना," संघपाल म्हणाला, आणि काका दिवाळीपासून पहिल्यांदा त्याच्यासंगं हसले.

गादी तेवढी राहिली. गादीत बुरशी शिरली का धुऊन जात नाही, फेकाच लागते. मावशीले ते सांगाले कोणी धजेना. त्या सोताच आल्या, गादीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "न्या." पाणी आता अंगणात, झाकणाच्या टाकीत राहणार. खोलीची खिडकी रोज उघडी राहणार. किल्ली त्यायनं डिंपलच्या हाती देली. "तुह्यी मशीन इथं लाव. उजेड चांगला येते."

सगळे गेल्यावर मी ओट्यावर त्यायच्याजवळ बसलो. दिवसभर जे सांगाचं राहिलं होतं ते सांगितलं.

"मावशी, कुलदीपचा फोन नव्हता आला. दार उघडाव म्हनून मी खोटं बोललो. उद्या थो येनार नाई. मले चप्पल मारा."

मावशी रस्त्याकडं पाहत होत्या.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"अहो, मंग उघडलं काऊन?"

"तुह्या तोंडाकडं पायलं तवाच कळलं. तुले खोटं बोलता येते, दम लागल्याचं सोंग येत नाई." थोडं हसल्या. मग हसू हळूहळू गेलं. "पन प्रसेन, चार वर्सांत या घरात 'कुलदीप येऊन राह्यला' असं कोनी म्हनलंच नाई रे. हे म्हनत नाईत, डिंपल म्हनत नाई. मले वाईट वाटन म्हनून नावच काढत नाईत. तू म्हनला, अन् मले वाटलं, आता खोली उघडाच लागते."

दुपारी म्या कुलदीपले खरंच फोन लावला होता. "पाहतो ना भाऊ," म्हणला, "सुट्टीचं पाहतो." मागं कुठं तरी एक पोरगी नळाखाली खेळत होती, पाण्याचा आवाज येत होता. ते म्या मावशीले सांगितलं नाही.

"अजून एक डाव म्हन," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"तेच. कालचं."

आयुष्यभर शेकडो गपा मारल्या, एकही मारताना आवाज कापला नव्हता. "कुलदीप येऊन राह्यला, मावशी," म्या म्हणलं. "रविवारी."

त्यायनं मान हलवली. बोटांवर काही मोजलं.

"रविवारी नको म्हनू," त्या म्हणाल्या. "नळ बुधवारी येते. गुरुवारी म्हन."